समुद्राच्या मधलं बेट

“ताई, सासूबाईंचे डोळे एकदा दाखवून घ्या,” फ्रेमवाला म्हणाला. “दहाही छापांत मधोमध शाई राहिलीये. त्यांच्या हातून असं होत नाही.”

माझं लक्ष कडेवरच्या लेकीकडे. ती खिळ्यांच्या डब्यात हात घालत होती. “अहो दादा, अमूर्त चित्र आहे ते. त्यात असंच असतं,” मी म्हणाले. कॉलेजात कलेच्या इतिहासाचा एक पेपर दिला होता, तेवढ्या भांडवलावर.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चाळीस वर्षं समुद्रच छापत होत्या. समुद्र म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओढलेल्या पाच-सहा रेघा: ओहोटीची वाळू, खडक, क्षितिज. पत्रा ॲसिडमध्ये बुडवून रेघा खोल करायच्या, शाई भरायची, मग वरची शाई तळहाताने अशी पुसायची की फक्त रेघांतली उरावी. त्यावर ओला कागद ठेवून यंत्रातून काढला की झाला छाप. पुसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मला धास्ती ॲसिडची. दिवसातून दहादा त्या खोलीची कडी तपासायची मी.

“तुझ्या लेकीपेक्षा माझं ॲसिड गुणी आहे गं,” आई म्हणायच्या. “ठेवलं तिथे बसतं.”

लेकीला शिंक आली तरी मी डॉक्टरांना फोन लावणारी. आईंचा चहा कपाबाहेर सांडायला लागला, तेव्हा मात्र मुकाट्याने ओटा पुसत राहिले.

प्रदर्शनात एक बाई आईंना म्हणाल्या, “ते मधलं काळं बेट फार आवडलं मला. किती एकटं आहे.”

“कुठलं बेट?”

बाई हसल्या. त्यांना थट्टा वाटली. आई छापाजवळ गेल्या, मान तिरकी करून कडेच्या नजरेने बघितलं. मग शेजारचा छाप. मग त्याच्या शेजारचा. दहाव्यापाशी पोचल्यावर त्यांनी माझा दंड धरला.

“सगळ्यांत आहे?”

“हो, आई.”

“आणि तुला दिसत होतं?”

मी लेकीचं टोपडं नीट करत राहिले.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, “मधली नजर गेली ती गेली. कडेचं दिसत राहील. चार महिने आधी आणलं असतंत, तर बरीच वाचली असती.” फ्रेमवाल्याकडे जाऊन साडेचार महिने झाले होते.

आता आई पत्रा पुसतात, तेव्हा मी समोर बसते.

“राहिली कुठे?”

“जरा डावीकडे.”

“तुझ्या डावीकडे की माझ्या? का छापातल्या? तिथे तर सगळं उलटं उमटतं.” त्या हसतात. त्यांचा तळहात पत्र्यावरून माझ्या शब्दामागे सरकत राहतो.

तुमच्या घरातल्या थोरल्या माणसाला आजच एक डोळा झाकून दाराची चौकट बघायला सांगा. मग दुसरा झाकून. रेघ वाकडी दिसते म्हणाले, मधेच पुसट दिसते म्हणाले, तर वयावर ढकलू नका. “काही झालं नाहीये मला” असं म्हणून उठायला लागले, तर हात धरून बसवा आणि पुन्हा विचारा.