मुळ्याले भूत लागलं

त्या रविवारी रोहण्यात ना बाजार होता ना लग्न, तरी मंदिरापुढच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रेमदास महाराज आले होते. अंगात भगवी कफनी, मनगटावर चमकतं घड्याळ आणि गळ्यात इतक्या माळा, की मान आहे की नाही ते शोधावं लागे. पुढ्यात काचेचं मोठं भांडं. पाणी असं नितळ, की तळाशी टाकलेलं बेलपान स्पष्ट दिसत होतं.

महाराजांनी आधी स्वतःचा हात बुडवला. पाणी जसंच्या तसं. मग सरपंच अण्णाजींचा बुडवला. तरीही तसंच.

"निर्मळ! छाया नाई!" महाराज गरजले.

मग वैभवच्या नऊ वर्षांच्या पोरीला, चंचलला, पुढे ओढलं. तिच्या तळहातांना त्यांनी भंडारा चोळला, डोळे पांढरे केले आणि तिचे हात पाण्यात दाबले. पाणी लालभडक झालं.

बाया किंचाळल्या. पहिल्या रांगेतली, माहेरी आलेली जिजाबाई तेवढी किंचाळली नाही. तिचं पान घशात अडकलं होतं.

"मुकी हडळ आहे! पोरीच्या जिभेवर मांडी घालून बसली," महाराज म्हणाले. "चाळीस दिवस मठात ठेवा लागन. शाळा बंद, मोबाईल बंद! मोबाईलनं आत्म्याचं नेटवर्क जाम होते. पुढच्या रविवारी घेऊन जातो."

वैभवनं मान डोलावली. बिचारा करणार काय? नाव चंचल, घरी बकरीशी दिवसभर बडबड, पण शाळेत दोन वर्षांत पोरीच्या तोंडून अक्षर निघालेलं नव्हतं.

वैभव म्हणजे जिजाबाईच्या माहेरचा शेजारी. चंचलसाठी उपाय तिनंच सुचवला होता. बोरगाव मेघेला तिच्या घरात सून होती ना, सरिता, लेकरांच्या मनाची डॉक्टरीण. पुण्याच्या कुठल्याशा नव्या कंपनीत होती, पण बसायची घरातच, मागच्या खोलीत. इंजेक्शन नाही, गोळी नाही, तपासायला लेकरूही समोर नाही. कानात यंत्र, पुढे लॅपटॉप आणि हातात बटणांच्या डोळ्यांचा मोजा घालून बारीक आवाजात बोलायची. गावोगावची पोरं पडद्यावर येऊन त्या मोज्याशी गप्पा मारत. सुनेची शिफारस गावभर करावी आणि घरी तिची टर उडवावी, ही जिजाबाईची रीतच होती.

"तू डॉक्टरीन आहेस का बाहुलीवाली?"

"दोन्ही आहो, आई," सरिता म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

रोहण्याहून आल्याबरोबर जिजाबाईनं पाण्याची गोष्ट सांगितली. सरिताचा चेहरा उतरला.

"आई, तिच्यावर कोनी बसलं नाई. घराबाहेर बोलाची वेळ आली का भीतीनं तिचा गळाच आवळून येते. असे लेकरं असतात आन् हळूहळू बोलतात बी. ह्या महिन्यात ती पहिल्यांदा मोज्याले हसली, कॅमेरा बंद होता तरी मले ऐकू आलं. आता अनोळखी मठात टाकलं, तर जेवढं उघडलं तेवढं पुन्हा बंद होईन."

"मंग पानी लाल काऊन झालं?"

"मले नाई मालूम."

सुनेला काहीतरी ठाऊक नाही हे ऐकून जिजाबाईला आतून बरं वाटलं. खरं सांगायचं तर तीही अर्धीअधिक घाबरली होती. पण तो लाल रंग डोळ्यांपुढून हलेना. कुठंतरी पाहिलेला होता.

बुधवारी चंचलची वेळ होती. पोरगी कॅमेरा बंद ठेवायची आणि बोटांनी लिहायची, चित्रं काढायची. जिजाबाई दाराला कान लावून बसली, पण ऐकू काय येणार? पाऊण तासानं दार उघडलं.

"काय म्हने थे?"

"सांगता येत नाई. लेकराची गोष्ट त्याले इचारल्याबिना मी बाहेर काढत नाई."

"मी सासू आहो तुही!"

"म्हनूनच त नाई." सरिता हसली. "पन आज मीच तिले इचारलं, हे कोनाले सांगू? तिनं लिहिलं, जिजाआजीले सांगा. थे कोनाच्या बापाले भेत नाई."

जिजाबाईनं पदर सारखा केला.

मग सरितानं चित्र दाखवलं. वैभवचा गोठा, बकरी, पाण्याची कॅन आणि तिच्याजवळ वैभवकडेच उतरलेला महाराजांचा चेला, हातात पानठेल्यावरच्या चुन्याच्या पुड्या. चेल्यानं आदल्या दिवशी कॅनमध्ये चुना कालवला, निवळू दिला आणि वरचं नितळ पाणी काचेच्या भांड्यात ओतून घेतलं. सगळं चंचलच्या डोळ्यांदेखत. मुकी पोरगी कोणाला सांगणार? जी बोलत नाही तिला दिसतही नाही, असं ते धरूनच चालले होते. गावही तसंच धरून चाललं होतं.

जिजाबाईनं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "अवो माय! हळद!"

चाळीस वर्षं पानाला चुना लावणारी बाई ती. फोडणीच्या हळदीचा हात चुन्याला लागला, की बोटं लाल व्हायची. रोज पाहिलेलं! पण हळदीला भंडारा म्हटलं आणि ह्या शहाण्या बाईचीही अक्कल झाकली गेली. दोघींनी लगेच वाटीत करून पाहिलं. लालभडक.

"जाऊन सांगतोच सगळ्याइले!"

"सांगून कोनी मानत नाई, आई. दाखवा."

रविवारी मांडव पुन्हा भरला. महाराजांपुढे तेच काचेचं भांडं, तसंच नितळ पाणी. चंचलचे कपडे पिशवीत बांधलेले होते. सरिता वैभवच्या मोबाईलवर, पडद्यात. महाराज पोरीचा हात धरणार, तोच जिजाबाई उठली आणि पिशवीतून हातभर लांब पांढरा मुळा काढला.

"महाराज, आंधी ह्याले पाहा. कालपासून बोलून नाई राह्यला."

मांडवात खसखस पिकली. महाराजांनी डोळे वटारले. "बुढे, थट्टा करतं?"

"थट्टा कायची? हाही पोटातलं सांगत नाई."

तिनं महाराजांच्याच ताटलीतला भंडारा मुळ्याला फासला आणि मुळा पाण्यात खुपसला. पाणी लाल!

"अवो बाया! मुळ्याले भूत लागलं! ह्यालेबी न्या मठात! आता तुमचा हात बुडवा महाराज, भंडारा लावून."

महाराजांनी हात कफनीत लपवला.

"काऊन? तुमचीबी बोलती बंद झाली?"

मग तिनं पानाचा डबा उघडला, चुन्याची डबी उंच धरली आणि गोठ्यातली सगळी गोष्ट सांगितली. अण्णाजींनी स्वतः हळद चोळून हात बुडवला आणि लाल पंजा लोकांना दाखवला. तेवढ्यात मांडवामागे चेल्याची फटफटी सुरू झाली. महाराज मागच्या सीटकडे धावले, पण वैभवनं कफनीचं टोक धरलं, ते सोडलंच नाही. अण्णाजींनी पोलिसांना फोन लावला.

"बोल मंग आता, चंचल! बोल!" लोक पोरीभोवती गोळा झाले. ती बापामागे दडली.

"तिले बोल म्हनू नका," मोबाईलमधून सरिता म्हणाली. "मी काई चमत्कार केला नाई. वेळ लागन."

तोवर एका म्हातारीनं मोबाईलला कुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवलं होतं.

"काढ थे!" जिजाबाई ओरडली. "बुवा गेला नाई त सुनेले देवी करता? मंग मले तिच्या पाया पडा लागन!"

चार महिन्यांनी शाळेत भावना मॅडमनं हजेरी घेताना चंचलचं नाव पुकारलं. तोंडापुढे हात धरून, माशीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पोरगी म्हणाली, "हजर." बस, एवढंच. ते कळल्यावर मागच्या खोलीत सरितानं मोजा हातात चढवला आणि त्यालाही बारीक आवाजात 'हजर' म्हणायला लावलं. जिजाबाईनं दाराशी चहा ठेवला आणि त्या दिवशी टर उडवली नाही.

तर बायांनो, बापांनो, कोणी तुमच्या लेकराच्या नावानं पाणी लाल करून दाखवलं, तर घरी जा. चुना पाण्यात निवळू द्या, हळद फासलेला मुळा त्यात बुडवा. भूत वाटीत दिसेल. मग हात धुवा, लेकराला जवळ घ्या आणि डॉक्टरकडे न्या. आणि लेकरू गप्प असलं, तरी ते सगळं पाहतंय, हे विसरू नका.