खणाच्या बटव्यातले चिंचोके

मी बटवा बोलतोय. खणाच्या तुकड्यांचा, नाडी ओढली की तोंड मिटणारा. अंगाला अजून सुपारीचा वास येतो, तेवढा खपवून घ्या.

मला शिवलं धोंडुबाईंनी, पानसुपारीसाठी. पुढं त्यांचे दात गेले आणि माझी चाकरीही गेली. खुंटीवर लोंबकळत होतो, तेव्हा त्यांच्या सुनेनं, नंदिनीबाईंनी, मला शाळेत नेलं. साल बावन्न. कोल्हापुरातली मुलींची शाळा, नंदिनीबाईंचा वर्ग चौथीचा.

बाई मुलींचे गट पाडून कामं द्यायच्या, कधी बागेत आळी करायची, कधी मातीचे नकाशे. पण गट करा म्हटलं की मैत्रिणी मैत्रिणींना गुळाला मुंगळे चिकटावेत तशा चिकटायच्या. म्हणून बाईंनी माझ्या पोटात सागरगोटे, चिंचोके आणि करंजाच्या बिया मूठमूठभर भरल्या. न बघता हात घालायचा, जी बी येईल तो आपला गट. माझी छाती फुगली. न्यायनिवाड्याचं काम की हो हे!

चार दिवस बरे गेले. मग पोरींच्या ध्यानात आलं, सागरगोटा गोल, चिंचोका चपटा, करंज लांबट, बघायची गरजच काय? लीला तर अशी चाचपायची की मला गुदगुल्या व्हायच्या. सागरगोटे तिच्या टोळीचे, चिंचोके बाकीच्यांचे, आणि करंज सोडायचे ते चिमणासाठी. चिमणा गारगोटीकडून मामाकडं शिकायला आलेली, बोलणं गावाकडचं, जागा शेवटच्या रांगेत. तिची पाळी येईतो माझ्यात करंजच उरायचे. गटात एकटी मुलगी! बाईंना वाईट वाटायचं, पण बटव्याचा कौल मोडायचा नाही हा त्यांचा नेम. आणि मला मेल्याला तोंड असून बोलता येईना.

एके दिवशी तिचे वडील केरबा आले. पोरगी मामाच्या घरी जाऊन रडते, तिच्यासंगं कुणी बसत नाही, परत गावी नेतो म्हणाले. बाईंनी समजावलं, हा नशिबाचा भाग, यात कुणाची लबाडी नाही. दाखवायला म्हणून त्यांनी स्वतःच माझ्यात हात घातला. बोटं फिरली आणि थांबली. बाईंचा चेहराच उतरला.

"केरबा, चूक माझी आहे. आठवडाभर थांबा की," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी जाऊन बाईंनी आणि धोंडुबाईंनी नुसते चिंचोके निवडले, सगळे एका मापाचे. सोलून काही हळदीत रंगवले, काही निळीत, काही गेरूत. दुसऱ्या दिवशी लीला चाचपून चाचपून दमली. निघाला निळा. चिमणाचाही निळाच. लीलानं नाक मुरडलं. पण काम होतं पंचगंगेचा नकाशा करायचं. दोघींचे हात एकाच चिखलात गेले, आणि सुट्टी होईतो कुणाच्या नाकाला जास्त चिखल लागलाय यावर दोघी खिदळत होत्या. आठवड्यानं केरबा आले, लेकीला खिदळताना दारातूनच बघितलं आणि हाक न मारता एकटेच गावी गेले.

पुढच्या महिन्यात पुन्हा मी फिरलो. लीलाला पिवळा आला, चिमणाला तांबडा. लीला हटूनच बसली, चिमणाच पाहिजे म्हणून रडायला लागली. बाई काही बोलायच्या आत चिमणानं तिचं तोंड पुसलं.

"रडतीस कशाला? मधल्या सुट्टीत हाय की मी."

आता त्या दोघी मोठ्या शाळेत गेल्या. मी अजून फळ्याशेजारच्या खिळ्यावर आहे, बूड उसवलंय, पण मजेत आहे. माझ्यात हात घालाल तर एवढं ऐका, चाचपत बसू नका. जी हाताला येईल तिच्यासंगं आधी चिखलात खेळून बघा, नाक मागाहून मुरडा.