हात आवरा, आई

सिस्टर हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातली नर्स काही निवृत्त झाली नाही. गल्लीत कुणी शिंकलं तरी ह्यांच्या हातात थर्मामीटर. त्यामुळे सून कामासाठी थंडीभर परगावी निघाली आणि खिडकीतली झाडं त्यांच्यावर सोपवून गेली, तेव्हा बाईंना घरबसल्या वॉर्डच मिळाला.

"आई, थंडीत झाडं विश्रांती घेतात," जाताना सून म्हणाली. "माती बोटभर खोल सुकली तरच पाणी. खत अजिबात नको. एखादं पान गळलं तर घाबरू नका."

"मला शिकवतेस होय गं? अख्खी हयात पेशंट सांभाळण्यात गेली माझी!"

पण स्वस्थ बसणं त्यांच्या पिंडातच नव्हतं. रबराच्या झाडाचं एक पान पिवळं पडलं, की पेलाभर पाणी. आणखी एक पडलं, की पुन्हा पेला. वर चमचाभर खत, टॉनिक म्हणून. झाड मात्र मान टाकतच चाललं. एके सकाळी कुंडीतून कुबट वास आला. सिस्टरांनी मुकाट्याने सुनेला फोन लावला.

"झाड बाहेर काढा आणि मुळं बघा."

मुळं काळी, लिबलिबीत. सिस्टरांच्या नवऱ्याने वर्तमानपत्र पसरलं. सिस्टरांनी कात्री उकळून घेतली, सडकी मुळं छाटली आणि वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत झाड पुन्हा बसवलं.

"झालं ऑपरेशन. आता काय करू?"

"काही नाही. हात आवरा, आई."

हीच तर गोम होती. त्या खिडकीशी घुटमळायला लागल्या, की नवरा खाकरायचा. तो जुना पोस्टमन. जन्म सायकलवर गेलेला. शेवटी वैतागून म्हणाला, "अगं, त्या झाडाला झोपू दे. चल, तुला सायकल शिकवतो."

"अहो, ह्या वयात? हाडं मोडली म्हणजे?"

"घरात नर्स आहे की!"

आणि खरंच, रोज उन्हं वर आली की दोघं मागच्या मोकळ्या रस्त्यावर. तो सीट धरून धापा टाकतोय, ही "सोडू नका हं, सोडू नका" म्हणून ओरडतेय. दोनदा कुंपणात गेली, एकदा थेट भाजीवाल्याच्या पाट्यांत. गुडघे सोलवटले, पण ऐट वाढली. झाडांकडे आता सिस्टर दुरूनच बघायच्या. माती सुकली, तर थोडं पाणी. नाहीतर राम राम.

थंडी ओसरली आणि सून परतली. आधी खिडकीकडे धावली. रबराच्या झाडाची पानं निम्मी राहिली होती, पण शेंड्याला लालचुटूक सुरळी फुटली होती, नवं पान.

"बाबा, वाचलं की हो! आई कुठायत?"

सासऱ्याने मिशीतल्या मिशीत हसत रस्त्याकडे बोट दाखवलं. वळणावरून सिस्टर येत होत्या, पदर खोचलेला, चेहरा फुललेला. सुनेला पाहताच हर्ष मावेना, त्यांनी चक्क एक हात सोडून हलवला.

"आई, हँडल धरा!" सून किंचाळली.

"अगं बाजूला हो आधी!" सिस्टर खिदळत ओरडल्या. "ब्रेक अजून शिकायचाय!"