हिरवा दिवा

आमच्या वरच्या वस्तीतली मोठी माणसं झाडून सगळी अंगठेबहाद्दर. मीही त्यातलीच. पोरांवर ती पाळी येऊ नये म्हणून आम्हाला शाळा हवी होती. आणि शाळेत सुधारणा म्हणून काय आलं, तर अंगठा लावायचं यंत्र.

खाली कुठेतरी काही मास्तर शाळेत नसलेल्याच पोरांची हजेरी लावत होते म्हणे. चोर राहिले बाजूला आणि झडती आमची. मास्तरांनी ते यंत्र शाळेच्या ओसरीवर भिंतीला ठोकलं. पोरांचे ठसे आधीच घेऊन ठेवलेले होते; बोट ओळखलं की हिरवा दिवा, नाहीतर लाल.

यंत्र आलं ते नेमकं अक्रोडाच्या हंगामात. तेव्हा घराघरात पोरं हिरवी सालं सोलायला बसतात. रसाने बोटं काळी पडतात, कातडी जळून पापुद्रे निघतात. माझी भाची भिंगरी सगळ्यांत पुढे धावली, तिला लाल दिवा लागला. मागच्यांचंही तेच.

हात मळलेत म्हणून यंत्र ओळखत नाही, असं आम्हाला वाटलं. मग काय, रोज सकाळी दारोदारी राख आणि नदीची वाळू घेऊन पोरांचे अंगठे घासणं सुरू झालं. भिंगरी ओठ दाबून उभी राहायची आणि म्हणायची, "आत्या, अजून घास." काळेपणा हटेना, पण अंगठ्यावरच्या उरल्यासुरल्या रेषाही आम्ही घासून काढत होतो. मास्तरांनी एकदा तिचा अंगठा उजेडात धरून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

कातडी भरून येईपर्यंत थांबा, हे सांगायला ते खाली कचेरीत गेले. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने मास्तरांना चहा पाजला.

"पोरं असतील हो मास्तर, मी कुठे नाही म्हणतोय? पण यंत्रात तुमची शाळा रिकामी आहे."

झालं. रिकाम्या शाळेला कुलूप लागलं, मास्तरांची बदली झाली. शिकायचं तर पोरांनी खालच्या गावी वसतिगृहात राहायचं.

भाऊ म्हणाला, राहू दे तिला घरी, शिकून कुठे दिवे लावणार आहे. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. वहिनी गेल्यापासून ती पोर माझ्याच कुशीत वाढली. ती गेली तर मला घर खायला उठणार होतं, आणि राहिली तर ती माझ्यासारखी होणार होती. शेवटी भाऊ गप्प बसला. जिंकले मी, आणि रडलेही मीच.

निघायच्या दिवशी पायवाट शाळेवरूनच जात होती. अक्रोड कधीच संपले होते, भिंगरीच्या बोटांची कातडी पुन्हा भरून आली होती. ओसरीवरचं यंत्र न्यायला अजून कुणी आलं नव्हतं. छपरावरच्या काचेच्या पाटीवर ऊन होतं, म्हणून ते चालूही होतं. ती माझा हात सोडून पळाली आणि टाचा उंच करून तिने अंगठा टेकवला.

हिरवा दिवा लागला.

ती वळली. इतकी हसलेली मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

"आत्या, लागला! आता नाही ना जावं लागणार?"

खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी तिचा अंगठा यंत्रावरून काढून माझ्या मुठीत घेतला आणि उताराला लागले.