पालकांना कळवले

कॉलेज सोडण्याच्या फॉर्मच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग होता, अंगठ्याएवढा, आणि चतुराची नजर त्या डागावरून हलेना... वसतिगृह, ग्रंथालय, विभागप्रमुख, सगळ्यांच्या सह्या झालेल्या, एकच चौकोन रिकामा: समुपदेशन कक्ष, म्हणजे तिचाच. सोडून जाणाऱ्या मुलीला समुपदेशकाची सही कशाला लागावी—

“लई उपकार झाले बाई,” त्रिंबक म्हणाला. सुगंधाचा बाप. मेंढरं भावाच्या हवाली करून सिल्लोडकडून पहिल्या एसटीनं आलेला, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेला. “तुमचा फोन आला म्हून लेक हाती लागली. नायतर आम्हाला रानात काय कळतंय?”

सुगंधा दाराशी उभी होती. पायाशी बॅग. ती कुणाकडेच बघत नव्हती.

उपकार. चतुरानं मान हलवली, कशासाठी ते तिलाच कळलं नाही. गुरुवारी हीच मुलगी याच खुर्चीत अर्धा तास गप्प बसली होती, आणि मग एका दमात म्हणाली होती, “मॅडम, मी दोनदा गच्चीवर गेले. काही केलं नाय. नुसती उभी राहिले कठड्यापाशी. पण घरी सांगू नका. घरी कळलं की शिक्षण बंद, आत्याच्या पोराशी लगीन लावून देतील.” आणि चतुरा म्हणाली होती—मीच म्हणाले होते, दुसरं कुणी नव्हतं खोलीत—सांगणार नाही. सोमवारी बाराला आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. तेव्हा सुगंधा रडली होती, बांध फुटल्यासारखी, आणि जाताना थोडी हसलीही होती.

शुक्रवारी चतुरानं कक्षाच्या प्रमुखांना, बद्रीनाथ सरांना, सांगितलं. सांगणं भागच होतं. जिवाचा प्रश्न असेल तिथं गप्प राहायचं नसतं, हे तिला पाठ होतं. “सोमवारपर्यंत काही झालं तर उत्तर कोण देणार?” सर फाइल मिटत म्हणाले. “जूनमध्ये तुमच्या नेमणुकीच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर येणार आहे, मॅडम. पालकांना कळवा.” आधी सुगंधाला बोलावता आलं असतं. तिला समोर बसवून म्हणता आलं असतं, मला हे सांगावं लागतंय, आपण दोघी मिळून सांगू. वसतिगृहात दोन दिवस तिच्यासोबत कुणाला ठेवता आलं असतं. हे सगळं चतुरा दर वर्षी नव्या प्राध्यापकांना शिकवायची. पण तिनं फोन लावला आणि गच्ची सांगितली, कठडा सांगितला, आणि त्रिंबकनं विचारलंही नव्हतं तरी... तिला ते लग्न नकोय हेही सांगितलं. ते कशाला सांगितलं? ते कुठल्या नियमात बसत होतं?

लासूर स्टेशनच्या आवडामावशीला एकोणीस वर्षांच्या चतुरानं सांगितलं होतं, मला हे स्थळ नको, मला शिकायचंय. मावशी पुढची दोन वर्षं पत्रिका सापडत नाही म्हणून थाप मारत राहिली, स्थळ आणणाऱ्या भावाच्या शिव्या खात राहिली, आणि कुणापुढे अवाक्षर बोलली नाही. चौथी शिकलेली बाई...

“त्रिंबकराव, आज बाराला डॉक्टरांची वेळ घेतलीय. तेवढं दाखवून मग न्या. मी येते सोबत.”

“डागदर कशाला? येड लागलंय का तिला?” तो रागावला नव्हता, घाबरला होता. “एकटी राहून झालंय हे. माणसांत आली का व्हईल नीट. लगीनबी उरकून टाकू औंदा.”

“तिला एकटं सोडू नका,” चतुरा म्हणाली. “आणि लग्नाची घाई—”

“व्हय, व्हय,” तो म्हणाला. त्यानं ऐकलं नव्हतं.

सुगंधानं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. “मॅडम, तुम्ही त्या दिवशी लिहून घेत होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझ्यासाठी लिहिताय.”

मुलगी एकवीस वर्षांची होती. तुला जायचंय का, एवढंच तिला विचारायचं होतं, बापासमोर, मोठ्यानं. तीन शब्द. चतुराच्या जिभेवर ते आलेही... आणि ती नाही म्हणाली असती तर? मग ती इथंच राहिली असती, त्याच वसतिगृहात, त्याच गच्चीखाली, आणि रोज सकाळी फोन वाजला की—

तिनं सही केली.

ते गेल्यावर बद्रीनाथ सरांचा फोन आला. “व्यवस्थित हाताळलंत. वार्षिक अहवालात घ्या, नाव न घालता. वेळीच हस्तक्षेप, म्हणून.” ती हो म्हणाली. खिडकीतून फाटकाकडे जाणारा रस्ता दिसत होता; बॅग बापानं घेतली होती, आणि सुगंधा त्याच्या मागे चार पावलं, मान खाली घालून चालत होती. धावत जावं, तिला निदान नंबर तरी... पण तिचा मोबाइल आता बापाच्या खिशात असणार. ती दोघं वळणापलीकडे गेली.

बारा वाजून गेले होते. चतुरानं डबा उघडला. शुक्रवारपासून घशाखाली घास उतरत नव्हता. आता मेथीच्या भाजीचा वास आला आणि पोटात भूक उसळली, लहानपणी शाळेतून आल्यावर लागायची तशी. ती भराभर खाऊ लागली. दुसऱ्या भाकरीपाशी तिला समजलं, की छातीवरचं ओझं उतरलंय. खरंच उतरलंय. आता जे काही होईल ते इथं होणार नव्हतं... ती घास चावत राहिली, आणि आतलं ते हलकं, मोकळं वाटणं काही केल्या थांबेना.