झाडांची आंघोळ

मोठे साहेब खाण बघायला येणार म्हणून कंपनीने रस्त्याकडेची झाडं धुवायला काढली. आमचे नळ कोरडे ठणठणीत, आणि हे शहाणे टँकर लावून पानांवरचा कोळसा उतरवत होते.

सुपरवायझर पाइप घेऊन आमच्या दाराशी आला. उभा जन्म खाणीत काढलेले माझे सासरे ओट्यावर खोकत बसले होते.

"वहिनी, आजच्या दिवस यांना आत बसवा. बरं दिसत नाही."

"झाडं धुताय, तसं यांनाही धुऊन द्या," मी म्हटलं. "पण आतून."

लाज कोळून प्यायलेला माणूस तो. त्याने पाइप पुढच्या झाडाकडे वळवला.

संध्याकाळी साहेबांची गाडी पडदे ओढून निघून गेली. तिच्यामागे उडालेली काळी धूळ धुतलेल्या पानांवर बसली, आणि ओट्यावरच्या सासऱ्यांवरही.