दुसरं मानांकन

थोरल्याची पहिल्याच फेरीत धाकट्याशी गाठ पडली, ही बातमी बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाच्या हॉलमध्ये पसरली आणि एकेक जण येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला. धाकटा म्हणजे त्याचा पाठचा भाऊ, आणि स्पर्धेचा पहिला मानांकित. थोरला गेलं वर्षभर बायकोच्या आजारपणात क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, शिवलासुद्धा नव्हता. ती गेली, आणि मधल्या काळात त्याचे मानांकनाचे गुणही गेले. मानांकन नसलेल्यांच्या चिठ्ठ्या डब्यातून काढतात. त्याची निघाली ती थेट वाघाच्या जबड्यात.

थोरला मान खाली घालून सांत्वन घेत होता. आतून मात्र त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

कारण धाकटा त्याच्याशी बोलत नसे. पूर्वी दोघं जोडीने खेळायचे. एका अंतिम सामन्यात धाकट्याच्या शर्टाची बाही चेंडूला लागली. पंचाने पाहिलं नाही, समोरच्यांनी पाहिलं नाही. थोरल्याने पाहिलं आणि हात वर केला. फाउल. डाव गेला, करंडक गेला, भाऊही गेला. पुढे वहिनीला बघायला धाकटा येऊन गेला, तेव्हा थोरल्याने दिलेलं पाणी त्याने पिऊन घेतलं आणि 'बस झालं' हे भिंतीला सांगितलं. आता घरात थोरल्याशी बोलणारा फक्त फ्रिज उरला होता, आणि तोही अधूनमधून बंद पडायचा.

सामन्यात मात्र बोलावंच लागतं. आधी हात मिळवायचा, मग कुठल्या पॉकेटात मारणार ते सांगायचं, शेवटी 'छान खेळलास' म्हणायचं. हरला तरी चार वाक्यं पदरात पडणार होती.

तेवढ्यात स्पर्धेचे चिटणीस धावत आले. "थोरले, तुमच्यावर घोर अन्याय झालाय!"

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? घरी आजारपण होतं म्हणून खेळला नाहीत, त्याची शिक्षा? समितीने तुमचं जुनं मानांकन परत दिलंय. दुसरं! पहिला तक्त्याच्या वरच्या टोकाला, दुसरा खालच्या. आता फायनलपर्यंत धाकटा तुमच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही."

"तसा तो एरवीही राहत नाही," थोरला म्हणाला.

मग थोरल्याने स्वतःविरुद्धच तक्रार केली. आपला हात कापतो, चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसऱ्या मानांकनाची आपली लायकी नाही.

चिटणीस त्याच्याकडे बघतच राहिले. "कमी मानांकन दिलं म्हणून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे पुष्कळ पाहिले. जास्त दिलं म्हणून रडणारे तुम्ही पहिलेच."

मानांकन बदलायचं तर पहिल्या मानांकिताला विचारायचं, ही तिथली रीत. चिटणीस धाकट्याला विचारून परत आले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दादाला दोनच्या खाली लावणार असाल तर मी हा चाललो घरी."

"'दादाला' म्हणाला? की हा तुमचा शब्द?"

"माझे तुम्ही कुठले दादा? त्याचाच शब्द."

थोरल्याने तक्रार मागे घेतली. चहा घेतला. कुणी विचारलं नाही तरी दोघातिघांना सांगून आला, की आपलं मानांकन दुसरं आहे.

त्याचा सामना कोपऱ्यातल्या टेबलावर लागला, एका चष्मेवाल्याशी. त्याच टेबलावर लगेच पुढचा सामना धाकट्याचा होता. आणि तिथे दुसरीही एक रीत होती: हरलेल्याने जायचं नाही, पुढच्या सामन्याला पंच म्हणून थांबायचं. म्हणजे थोरला हरला असता तर सबंध सामनाभर भावाच्या हाताच्या अंतरावर उभा राहिला असता. धाकट्याला थोरल्याला विचारावं लागलं असतं, थोरल्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं.

हे थोरल्याच्या ध्यानात आलं ते निर्णायक डावात. शेवटचा चेंडू पॉकेटच्या तोंडाशी बसला होता. फुंकर मारली तरी आत गेला असता. चुकवायलाच कसब लागणार होतं, आणि तेवढं कसब थोरल्याकडे होतं.

त्याने मान वर केली. समोरच्या बाकावर धाकटा क्यू मांडीवर आडवा धरून बसला होता. नजर टेबलावर. थोरला खाली वाकला. आपण मुद्दाम चुकवलं तर ते पंचाला कळणार नव्हतं, चष्मेवाल्याला तर नव्हतंच नव्हतं. धाकट्याला कळलं असतं.

चेंडू पॉकेटात गेला.

"नशीब बघा," चष्मेवाला म्हणाला आणि पंचाचा बिल्ला छातीला लावू लागला. धाकटा उठला. बाक आणि टेबल यांच्यामध्ये जागा चिंचोळी होती. त्याने क्यू उभा धरून अंग चोरलं आणि थोरल्याला वाट दिली. थोरला क्षणभर थांबला. धाकटा क्यूच्या टोकाला खडू लावत होता, मन लावून, गरजेपेक्षा बराच जास्त.

"धाकटे, पहिला फटका, ब्रेक कुणाचा?" चष्मेवाल्याने विचारलं.

"माझा," धाकटा त्याला म्हणाला.

थोरला बाहेर आला. पॅसेजच्या टोकाला सरावाचं टेबल रिकामं पडलं होतं. त्याने चेंडू काढले, एकट्यानेच मांडले आणि सरावाला लागला. फायनलपर्यंत वाटेत बरीच माणसं होती, आणि त्यांतल्या एकाशीही त्याला काही बोलायचं नव्हतं.